ट्यूबलेस करण्याआधी उतारावर एक सकाळ घालवा

मी रिकंबंट, म्हणजे मागे रेलून बसायची सायकल चालवते, त्यामुळे ट्यूबलेसने, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरने, वेग वाढतो का हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. वाढतो, पण किती, ते आधी आत कोणती ट्यूब होती त्यावर आहे.

टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे सुटतो. दबताना घेतलेली सगळी ताकद रबर परत देत नाही, थोडी उष्णतेत जाते. आत जाड ब्युटाइल (कृत्रिम रबराची) ट्यूब असेल तर तीही टायरबरोबर दबते आणि आपला वाटा खाते. पातळ लेटेक्स (नैसर्गिक रबराची) ट्यूब मात्र इतकं कमी खाते की ट्यूबलेसशी फरक जवळजवळ उरत नाही. लेटेक्स वापरत असाल तर निव्वळ वेगासाठी बदलू नका. आणि टायरच जाड, कडक असेल तर आधी टायर बदला.

आता हिशेब. स्वार आणि सायकल मिळून 90 किलो, वेग ताशी 30 किलोमीटर. टायरचा रोध-गुणांक, म्हणजे वजनाच्या किती भागाइतका रोध टायर करतो तो आकडा, 0.005 असेल तर साधारण 37 वॅट त्यातच जातात, 0.004 असेल तर 29. साध्या सायकलवर वारा याच्या कितीतरी पट खातो, म्हणून ही बचत फारशी जाणवत नाही. रिकंबंटवर वारा कमी लागतो, त्यामुळे टायरचा वाटा मोठा होतो. शिवाय 20 इंची चाकात टायर जास्त दबतो. माझ्या मते ट्यूबलेसचा खरा फायदा आम्हालाच आहे, फक्त त्या मापात टायर मोजकेच मिळतात.

स्वतः तपासायचं तर वारा नसलेली पहाट आणि खाली सपाट होणारा हलका उतार निवडा. वेग कमीच हवा, नाहीतर वाऱ्याचा रोध सगळं झाकून टाकतो. ठरलेल्या खुणेवरून पेडल न मारता सायकल सोडा, थांबेल तिथे खडूने रेघ मारा. कपडे, बसण्याची ढब, हवेचा दाब तोच ठेवा. आधी ट्यूब, मग ट्यूबलेस आणि शेवटी परत ट्यूब. ही तिसरी फेरी टाळू नका: ऊन चढलं की रबर मऊ होतं आणि सायकल आपोआप लांब जाते. पहिली आणि तिसरी रेघ जवळ आली नाही तर त्या दिवसाचा निकाल सोडून द्या.

बसवताना रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीचेच हवेत. काठाला साबणाचं पाणी लावून जोरात हवा भरा. टायरची कड टण्‌कन जागेवर बसते. हुकलेस रिममध्ये, म्हणजे जिच्या कडेला टायर धरणारा आत वळलेला हूक नसतो तिच्यात, हवेचा दाब 5 बारच्या वर नेऊ नका. टायरमध्ये ओतलेलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, काही महिन्यांत सुकतं, अधूनमधून भरत राहा.

पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकीवर मागच्या चाकापासून सुरुवात करा. पुढची चाकं एकाच बाजूने धरलेली असतात, ती न काढताही ट्यूब बदलता येते. मागचं काढायचं म्हणजे चेनशी झटापट, आणि सीलंटने तिथलं एक पंक्चर जरी वाचवलं तरी त्या दिवशी या सगळ्या वॅटपेक्षा जास्त वेळ वाचतो.