हिवाळ्यानंतर तळ्यातले गोल्डफिश: मार्चपूर्वीची तयारी

इंग्लंडात घरामागच्या तळ्यावरचे बर्फ गेले की गोल्डफिशच्या आजारपणाचे दिवस सुरू होतात, कारण पाणी सहा ते बारा अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना परजीवी आणि जिवाणू जागे झालेले असतात, माशाची प्रतिकारशक्ती मात्र अजून सुस्तच असते. म्हणून फेब्रुवारीअखेरीस थर्मामीटर, अमोनिया, नायट्राइट व पीएच मोजण्याचा संच, मऊ जाळी, भिंग, पांढरा टब, हवेचा छोटा पंप, क्लोरीन घालवणारे द्रावण आणि आयोडीन न घातलेले साधे मीठ एकत्र काढून ठेवावे. संचातल्या बाटल्यांची मुदत तपासावी. औषधाची बाटली या यादीत मुद्दामच घेतलेली नाही.

तळ्यात पाणी किती आहे, हे आधीच मोजून लिहून ठेवावे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा व त्याला हजाराने गुणावे. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर खोल तळ्यात ४,८०० लिटर पाणी मावते. हा आकडा अंदाजाने धरला की औषधाची मात्रा हमखास चुकते.

मासा पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत असेल, अंग घासत असेल किंवा पर मिटून तळाशी बसला असेल, तर आधी पाणी तपासावे. थंडीत फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू मंदावलेले असल्याने अमोनिया आणि नायट्राइट वाढतात. दोन्ही शून्य हवेत, नसल्यास खाणे बंद करून क्लोरीन घालवलेल्या पाण्याने थोडे थोडे पाणी बदलावे.

पाणी निर्दोष निघाले तरच मासा पांढऱ्या टबात घेऊन भिंगाखाली पाहावा. कापसासारखा पुंजका म्हणजे बुरशी, कातडीतून लोंबणारा बारीक दोरा म्हणजे अँकर वर्म हा परजीवी, लाल कडेचा खड्डा म्हणजे व्रण. खवले देवदाराच्या फळासारखे उभे राहिले असतील तर मासा वाचण्याची आशा फारच थोडी. अंगभर व परांवर विखुरलेले मिठाच्या कणांसारखे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट हा परजीवीमुळे होणारा रोग. मात्र ठिपके केवळ कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर ओळीने असतील, तर तो विणीच्या हंगामातला निरोगी नर असतो. पहिल्या वर्षी अशाच एका नराला मी मॅलाकाइट ग्रीन हे व्हाइट स्पॉटवरचे औषध दिले होते. त्याला काहीच झालेले नव्हते, हे नंतर कळले.

आजारी मासा वेगळा ठेवायचा झाल्यास टबात तळ्याचेच पाणी घ्यावे, पंप सतत चालू ठेवावा, वर जाळी झाकावी आणि मीठ लिटरला तीन ग्रॅमपर्यंत, म्हणजे साठ लिटरला १८० ग्रॅम, दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने विरघळवून घालावे. फिल्टरमध्ये झिओलाइट हे अमोनिया शोषणारे खनिज असलेल्या तळ्यात मीठ घालायचे नाही, कारण त्याने शोषलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतो. व्हाइट स्पॉटवर औषध एकदा देऊन भागत नाही. परजीवी कातडीखाली असेपर्यंत ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि उबदार पाण्यात काही दिवसांत पुरे होणारे त्याचे जीवनचक्र दहा अंशांना कित्येक आठवडे रेंगाळते. व्रणाला प्रतिजैविक लागल्यास ते इथे पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच मिळते, तेव्हा मासे पाहणारा पशुवैद्य आताच शोधून ठेवावा.

पाणी सलग काही दिवस दहा अंशांवर राहिल्याशिवाय खाणे सुरू करू नये. एकाच वेळी अनेक मासे पोट फुगून, अंगावर रक्ताचे डाग येऊन मरू लागले, तर ‘स्प्रिंग व्हायरीमिया’ या कळवणे बंधनकारक असलेल्या रोगाची शंका घेऊन फिश हेल्थ इन्स्पेक्टोरेट या माशांच्या रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी विभागाला लगेच फोन करावा, आणि तोवर या तळ्यातला मासा, वनस्पती किंवा बादलीभर पाणीही दुसरीकडे नेऊ नये.