घडीचा चाकू खोलण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे चाकू खोलायची, म्हणजे त्याचे भाग सुटे करायची, खरंच गरज आहे का, हे ठरवणं. पातं उघडून लॉक करा, पाठीकडून चिमटीत धरा आणि हलवून बघा. डावी-उजवीकडे हलत असेल तर पिव्हट, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो आस, ढिला झालाय. त्याचा स्क्रू एक अष्टमांश फेरा आवळला की बहुतेक वेळा काम होतं, बाकी कशालाही हात लावावा लागत नाही. उघड-मिटीच्या दिशेने हलत असेल तर दोष लॉकचा किंवा स्टॉप पिनचा (पातं ठरावीक जागी अडवणाऱ्या पिनचा) असतो. तिथे पिव्हट आवळत बसलात तर पातं जड होईल, हलणं मात्र तसंच राहील. फिरवताना आत वाळूसारखं करकरत असेल, पाणी गेलं असेल किंवा वॉशर झिजल्याची शंका असेल, तरच खोला.

मग बांधणी तपासा. रिव्हेट ठोकलेले चाकू, स्विस आर्मी चाकूही त्यातलेच, खोलण्यासाठी बनवलेले नसतात. ते कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, सांध्यात तेलाचा थेंब सोडा आणि तिथेच थांबा. क्रॉसबार लॉकमध्ये (आडव्या दांडीने पातं अडवणाऱ्या) दोन्ही बाजूंना तारेच्या बारीक स्प्रिंगा असतात, त्या सुटताना उडतात. असिस्टेड, म्हणजे स्प्रिंगच्या मदतीने उघडणाऱ्या, चाकूतली स्प्रिंग ताणलेली असते. या दोन प्रकारांना चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका, आणि पहिलाच चाकू खोलत असाल तर साधा लायनर लॉक किंवा फ्रेम लॉक (मुठीतली पट्टी किंवा मुठीचाच भाग पात्याला अडवतो तो) घ्या. काही कंपन्या चाकू खोलला की वॉरंटी नाकारतात, तेही आधीच बघून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच स्क्रूवर होतं, म्हणून बिटांवर कंजुषी नको. बहुतेक चाकूंना टॉर्क्स, म्हणजे सहा टोकी ताऱ्यासारख्या खाचेचे, स्क्रू असतात. मुठीचे आणि खिशाला अडकवायच्या क्लिपचे सहसा टी६ मापाचे, पिव्हटचा टी८ किंवा टी१०. बिट खाचेत तळापर्यंत बसलं पाहिजे आणि जरासुद्धा डुगडुगता कामा नये. खाचेत मळ साठलेला असतो, तो टाचणीने आधी उकरून काढा, नाहीतर योग्य बिटही अर्धवटच बसतं आणि खाच गोल होते. पिव्हटच्या मापाचे दोन ड्रायव्हर हवेत, कारण पिव्हटला एका बाजूने सपाट कापलेलं नसेल तर तो स्क्रूबरोबर आख्खाच गरगर फिरतो आणि दुसरी बाजू धरून ठेवावी लागते.

स्क्रू हलतच नसेल तर बहुधा आत थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून लावलेला चिकट द्रव) वाळलेला आहे. जोर वाढवू नका. गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेका, थ्रेडलॉकर मऊ पडतो. मूठ प्लास्टिकची असेल तर थोडा थोडा वेळच टेका. नंतर ड्रायव्हर सरळ उभा धरून खाली दाबत सावकाश फिरवा. मूठ अजून एकसंध आहे तोवरच पिव्हट थोडा सैल करून ठेवावा, मग क्लिप, मग मुठीचे स्क्रू आणि शेवटी पिव्हट पूर्ण बाहेर. सुरुवात करण्याआधी, पातं उघडं असतानाच, धारेवर आणि टोकावर मास्किंग टेप चिकटवा. मिटून बघायच्या वेळी ती काढायची.

टेबलावर फिकट रंगाचा कपडा अंथरा आणि प्रत्येक पायरीनंतर मोबाइलवर फोटो काढा. चुंबकाच्या ताटलीवर सगळं सोपवू नका, कारण ब्राँझचे वॉशर आणि टायटेनियमचे स्क्रू तिला चिकटत नाहीत. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, ते कागदावर मुठीचं चित्र काढून त्यावरच मांडा. क्लिपचा स्क्रू लांब निघाला आणि दुसऱ्या भोकात गेला, तर त्याचं टोक आतून पात्याला ओरखडतं. वॉशरची कुठली बाजू पात्याकडे होती तेही नोंदवा. वॉशरऐवजी बेअरिंग असेल तर छर्रे पिंजऱ्याच्या कुठल्या बाजूने वर आलेत ते पाहूनच उचला. स्टॉप पिन काही चाकूंत नुसता अडकवलेला असतो, मूठ उचलताच तो घरंगळतो.

साफसफाईसाठी ९० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि टूथपिक पुरतात. अ‍ॅसिटोन प्लास्टिकच्या मुठी खातं. स्क्रूच्या आट्यांमधला जुना वाळका थ्रेडलॉकर खरवडून काढा, तो राहिला तर स्क्रू आवळल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो.

जोडणीसाठी पातळ तेल आणि कमी पकडीचा थ्रेडलॉकर, लॉकटाइट २२२ सारखा, जवळ ठेवा. तेल प्रत्येक वॉशरला एकच थेंब. लॉक पात्याला जिथे टेकतो तिथे अजिबात नको, लॉक घसरतो. मुठीचे स्क्रू आधी अर्धवट बसवा, पिव्हट आवळत पात्याचं हलणं घालवा, पातं मिटून ते मधोमध येतंय का बघा, आणि मगच मुठीचे स्क्रू घट्ट करा. बसणी मनासारखी झाली की पिव्हटचा स्क्रू काढून आट्यांच्या टोकाला टूथपिकने थ्रेडलॉकर लावा, जास्त झाला तर तो वॉशरवर उतरून पातंच जाम करतो. स्क्रू लगेच परत त्याच जागेपर्यंत आवळा आणि चाकू २४ तास तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मिटलेला चाकू, पातं ज्या फटीतून बाहेर येतं ती बाजू खाली करून, हलक्या हाताने झटका. पातं स्वतःहून बाहेर येत असेल तर डिटेंट, म्हणजे मिटलेलं पातं मुठीत धरून ठेवणारी अटक, धरत नाहीये, ते दुरुस्त होईपर्यंत चाकू खिशात घालू नका.