जीआरईचा निबंध: विधानाखालची सूचना आधी वाचा

एमबीएसाठी जीमॅटऐवजी जीआरई ही प्रवेश परीक्षा देणार असाल, तर मत मांडणारा इंग्रजी निबंध टळत नाही. वेळ 30 मिनिटं, गुण 0 ते 6. निबंधासाठी एक विधान देतात आणि त्यावर कसं लिहायचं याची सूचना त्याखाली असते. घोटाळा बहुधा या सूचनेत होतो. ती दर वेळी सारखी नसते: कधी विरुद्ध मताची दखल घ्यायला सांगतात, कधी धोरणाचे परिणाम तपासायला. ती सुटली, तर झकास इंग्रजीही फारसं कामी येत नाही. पहिल्या 5 मिनिटांत बाजू ठरवा, दोन-तीन कारणं आणि प्रत्येकाला एक ठोस उदाहरण टिपून घ्या. आपलं मत कुठे लागू पडत नाही, हेही लिहा. विचाराची खोली तिथेच दिसते. परीक्षेच्या संगणकावर स्पेलचेक नसतो, म्हणून शेवटची 3 मिनिटं राखून ठेवा. सरावासाठी विषयांची यादी जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.