आरशापलीकडचे जग रंगमंचावर कसे उभे करावे

आरशातून कोणी हात बाहेर काढतो किंवा प्रतिबिंब अचानक स्वतःच्या मर्जीने वागू लागते, असे प्रसंग चित्रपटांत आणि मालिकांत आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे ते काम संगणक करतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या एकांकिकेत मात्र तेवढाच परिणाम एक काच, काळे कापड आणि दोन दिवे यांतून साधता येतो.

काच आणण्यापूर्वी आरशापलीकडे काय आहे हे ठरवावे. बहुतेक संहितांमध्ये तेथे भूत असते किंवा खलनायकी जुळा भाऊ असतो, आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर त्यांची भीती ओसरते. माझ्या मते नायकाने मागे टाकलेली एखादी गोष्ट तेथे असावी. अमळनेरकडचा एक तरुण पुण्यात नोकरीला आहे, सणाला घरी येतो आणि जुन्या आरशासमोर केस विंचरताना प्रमाण मराठीत फोनवर बोलत असतो, तेवढ्यात आरशातला तो स्वतःच त्याला अहिराणी या खानदेशी बोलीत विचारतो, "तू कथा जाई ऱ्हायना?" (तू कुठे चालला आहेस?) पारोळ्यापासून शहाद्यापर्यंतच्या कोणत्याही प्रेक्षकाला यापुढे काही समजावून सांगावे लागत नाही. या जगाला एकच नियम द्यावा, उदाहरणार्थ, प्रतिबिंब फक्त दिवेलागणीला बोलते. आणि तो नियम मोडायचाच असेल तर नाटकात एकदाच, सर्वांत महत्त्वाच्या क्षणी मोडावा.

लहान मुलांचे नाटक असेल तर काचच नको. दाराएवढी रिकामी चौकट उभी करून दोन्ही बाजूंना साधारण सारख्या उंचीचे दोन कलाकार समोरासमोर उभे करावेत. एकाने उजवा हात उचलला की दुसऱ्याने डावा उचलायचा, आणि वेशभूषाही उलट ठेवायची: एकीचा पदर डाव्या खांद्यावर असेल तर प्रतिबिंब झालेलीचा उजव्या खांद्यावर, घड्याळ दुसऱ्या मनगटावर, भांगही दुसऱ्या बाजूला. हालचाली एका ठेक्यावर बसवाव्यात. तालमीत कोणी हलकी ढोलकी वाजवली तर मुले मोजणे लवकर विसरतात आणि एकमेकांकडे पाहून वागू लागतात.

खरा चमत्कार काचेचा आहे. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स या अभियंत्याच्या कल्पनेवरून रंगमंचावर भूत दाखवले, आणि ती युक्ती आजही पेपर यांच्याच नावाने ओळखली जाते. तिच्यासाठी पारा न लावलेली साधी पारदर्शक काच रंगमंचावर सरळ उभी करावी, परंतु प्रेक्षकांच्या नजरेच्या रेषेशी ती ४५ अंशांचा कोन करील अशी वळवावी. प्रतिबिंब होणारा कलाकार प्रेक्षकांना न दिसणाऱ्या विंगेत, काळ्या कापडासमोर उभा राहतो. त्याच्यावर दिवा पडला की काचेमागे, हवेत तो दिसू लागतो. दिवा विझला की नाहीसा होतो.

येथे मोजमाप चुकवू नये. कलाकार काचेपासून जितका दूर, तितकीच त्याची प्रतिमा काचेमागे दिसते. म्हणून तो पाच फुटांवर बसणार असेल तर काचेमागे पाच फुटांवर, त्याच्या प्रतिमेच्या जागी, रिकामी खुर्ची ठेवावी, म्हणजे प्रतिमा तिच्यावर बसलेली दिसेल. या कोनात काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे दहावा हिस्साच परावर्तित करते, त्यामुळे विंगेतला दिवा प्रखर आणि मंचावरचा मंद असला पाहिजे. कलाकाराला पांढरे धोतर आणि टोपी द्यावी. गडद कपडे काळ्या पडद्यात विरून जातात. त्याच्या छातीवर अक्षरे असतील तर ती उलटी दिसतील, हेही लक्षात ठेवावे.

जाड काचेत प्रतिमा दुहेरी दिसते, कारण तिचे दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे प्रतिबिंब देतात. काचेऐवजी वापरता येणारा ॲक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा, पत्रा हलका असून त्याचे काचेसारखे धारदार तुकडे होत नाहीत, परंतु तो वाकला की चेहरा डगमगतो. म्हणून त्याला चारही बाजूंनी घट्ट लाकडी चौकट करावी आणि चौकटीला मागून भक्कम टेकू द्यावा. काच घेतल्यास ती टफन्ड, म्हणजे फुटली तरी बारीक बोथट तुकडे होणारी, असावी, यात तडजोड नको, कारण तिच्याजवळ मुले वावरणार असतात.

आवाज विंगेतून आला तर सारा भास फसतो, म्हणून ध्वनिक्षेपक (स्पीकर) काचेच्या मागे ठेवावा. प्रयोगाच्या आदल्या रात्री संपूर्ण अंधार करून पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांना आणि शेवटच्या रांगेत स्वतः बसून पाहावे. ज्या खुर्चीवरून विंगेतला कलाकार थेट दिसतो किंवा प्रतिमा अर्धीच दिसते, ती खुर्ची काढून टाकावी. पडदा उघडण्याआधी काचेवरचे बोटांचे ठसे कोरड्या सुती कापडाने पुसावेत, कारण उजेड पडताच प्रेक्षकांना काच आहे हे सर्वांत आधी त्या ठशांवरूनच कळते.