वयोगटांचं गणित शिकायचंय? आधी वही-पेन घ्या

लोकसंख्येच्या मॉडेलिंगकडे वळू पाहणारे विद्यार्थी भेटले की पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि दोन वयोगटांची लेस्ली मॅट्रिक्स हाताने चालवा. हा विषय मला खरा कळला तो तिथेच.

पॅट्रिक लेस्ली यांनी १९४५ मध्ये मांडलेली ही मॅट्रिक्स दिसायला अगदी साधी. पहिल्या ओळीत प्रत्येक वयोगटाचा जननदर, कर्णाच्या लगेच खाली पुढच्या गटापर्यंत जगणाऱ्यांचं प्रमाण, बाकी सगळी शून्यं. मोजायच्या फक्त माद्या. समजा, एका टप्प्यात लहान गटातल्या मादीला सरासरी १ मादी-पिल्लू होतं, मोठ्या गटातलीला ४. लहानांपैकी निम्म्या मोठ्या होतात आणि मोठ्या त्या टप्प्यानंतर उरत नाहीत. ८ लहान आणि ० मोठ्या यांपासून सुरुवात करा. पुढे ८ आणि ४, मग २४ आणि ४, ४० आणि १२, ८८ आणि २०, १६८ आणि ४४. लहान-मोठ्यांचं गुणोत्तर बघा: २, ६, ३.३, ४.४, ३.८. हेलकावे खात ते ४ कडे चाललंय. आता उलट, ० लहान आणि ८ मोठ्या घेऊन बघा. पुन्हा ४ च!

या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे काही ठराविक वयोरचना दर टप्प्याला नुसत्या ज्यांनी गुणल्या जातात त्या संख्या, २ आणि −१ आहेत. २ मुळे संख्या अखेरीस दर टप्प्याला दुप्पट होते. −१ मुळे येतो तो हेलकावा, पण दुपटीच्या वाढीपुढे त्याचा वाटा दर टप्प्याला निम्मा होत जातो. म्हणजे सुरुवातीची वयोरचना किती लवकर पुसली जाईल हे दुसरी आयगेनव्हॅल्यू सांगते. नवखे विद्यार्थी पहिलीच काढून थांबतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

प्रत्येक लोकसंख्या आपली सुरुवात विसरतेच असं मात्र नाही. १९४१ मध्ये, लेस्लींच्याही आधी, बर्नार्डेली यांनी एका काल्पनिक भुंग्याचं उदाहरण दिलं. तीन वयोगट, पहिल्यातले निम्मे जगतात, दुसऱ्यातले एक-तृतीयांश, आणि अंडी फक्त तिसरा गट घालतो, दर मादीमागे पुढच्या पिढीतल्या ६ माद्या. ६, ६, ६ पासून निघालात की ३६, ३, २ येतात, मग १२, १८, १ आणि पुन्हा ६, ६, ६. हे चक्र कधीच शमत नाही, कारण तिन्ही आयगेनव्हॅल्यूंची महत्ता (शून्यापासूनचं अंतर) सारखीच, १ आहे. एकच आयगेनव्हॅल्यू बाकी सगळ्यांवर मात कधी करते हे सांगणाऱ्या पेरॉन-फ्रोबेनियस प्रमेयातल्या अटी रुक्ष वाटतात तेव्हा हा भुंगा आठवावा. लागोपाठच्या दोन वयोगटांत प्रजनन होत असेल, तर असं अडकणं टळतं.

पुढचा टप्पा म्हणजे वय आणि काळ दोन्ही सलग धरणारं मॅकेंड्रिक यांचं १९२६ चं समीकरण. इथे अडखळायला होतं ते सीमेवरच्या अटीपाशी. वय शून्य असलेले जीव बाहेरून येत नाहीत, ते आत्ताच्या सगळ्या वयोगटांच्या प्रजननाची बेरीज, म्हणजे इंटिग्रल असतात. कागदावर वय आणि काळाचे अक्ष काढून ४५ अंशांच्या रेषा ओढा. प्रत्येक रेषा म्हणजे एकत्र जन्मलेल्यांचा एक जथा. या रेषांवरून चालत गेलात की लोटका यांचं समीकरण आपसूक हाती येतं: जगण्याची शक्यता आणि वाढीचा दर लक्षात घेऊन केलेली आयुष्यभराच्या प्रजननाची बेरीज बरोबर १. त्याची डावी बाजू वाढीच्या दराबरोबर सतत घटते, म्हणून वास्तव उत्तर एकच, आणि सगळी संमिश्र उत्तरं त्याच्या डावीकडे. सेमीग्रुपची (लोकसंख्येची स्थिती काळाबरोबर पुढे नेणाऱ्या क्रियांच्या गणिताची) पुस्तकं इथवर आल्यावरच उघडा. त्याआधी लिनिअर अल्जिब्रा आणि कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस पक्कं हवं.

एवढं करूनही या मॉडेलमध्ये स्थिरावतात ती फक्त प्रमाणं. संख्या वाढतच जाते किंवा संपते, वाढीचा दर नेमका शून्य असेल तर गोष्ट वेगळी. संख्या कुठे थांबेल हे विचारायचं तर जन्म-मृत्यूचे दर एकूण संख्येवर अवलंबून ठेवावे लागतात, जसे गर्टिन आणि मॅकॅमी यांनी १९७४ मध्ये ठेवले. मग समतोल शोधायचा, त्याच्याभोवती समीकरण लिनिअर करायचं आणि त्यातून मिळणाऱ्या, लोटकांसारख्याच समीकरणाची सगळी मुळं डाव्या अर्ध्या प्रतलात (म्हणजे वास्तव भाग ऋण) आहेत का ते तपासायचं. जन्म आणि प्रजननाचं वय यांत अंतर मोठं असलं की एखादी संमिश्र जोडी उजवीकडे सरकू शकते, आणि समतोल मोडून संख्या वर-खाली होत राहते.