गाण्यांचा तक्ता मांडा, मग नवं गाणं लिहा

स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा असेल, तर आधी हातातल्या सगळ्या गाण्यांचा तक्ता मांडा. प्रत्येक गाण्यासमोर पट्टी, लय, ताल, पहिली ओळ आणि त्यात कोण कोणाशी बोलतंय, एवढं लिहा. लय मेट्रोनोमवरच, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्रावरच मोजा, अंदाज फसवतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांचे तक्ते सारखेच निघतात: मिनिटाला ७० ते ८५ ठोके, चार मात्रांचा ठेका, गिटारवर जी, डी, ई मायनर, सी हेच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), आणि कुणाची तरी आठवण काढणारा 'मी'. सुटं ऐकलं तर प्रत्येक गाणं गोड असतं. ओळीने ऐकलं की चौथ्याला लक्ष सुटतं.

तक्त्यात जे नाही, ते लिहायला घ्या. सगळ्यात लवकर फरक पडतो तालाने. दादऱ्याच्या सहा मात्रांत शब्द वेगळ्याच जागी जोर मागतात. रूपकाच्या सात मात्रा तर ओळीची लांबीच बदलून टाकतात. कॅपोवर, म्हणजे गिटारच्या मानेवर तारा दाबून पट्टी चढवणाऱ्या चिमट्यावर, मात्र विसंबू नका. तो दुसऱ्या फ्रेटवर लावला की जी पट्टीतले कॉर्डचे आकार ए पट्टीत वाजतात खरे, पण बोटांची सवय तीच राहते आणि चालही जुन्याच वाटेने जाते. त्यापेक्षा सगळ्यात जाड तार ईवरून डीवर उतरवून बघा. किंवा गिटार बाजूला ठेवा आणि नुसत्या टाळीवर चाल बांधा. माझ्या मते हा उपाय सर्वांत चांगला, कारण तेव्हा चाल बोटं ठरवत नाहीत, गळा ठरवतो.

शब्दांतही तेच. रात्रपाळी संपवून निघालेली नर्स बोलू दे, मुलीला पत्र लिहिणारा बाप बोलू दे. ध्रुवपद नसलेलं, कडव्याकडव्याने गोष्ट पुढे नेणारं एक गाणं हवंच. आणि श्रोत्यांनी सोबत म्हणावं असंही एक: त्याचं ध्रुवपद चार-पाच शब्दांचं आणि कुणाच्याही गळ्याला झेपेल इतक्याच सुरांचं.

४५ मिनिटांत, बोलणं आणि तारा जुळवणं धरून, दहा गाणी बसतात. एकाच लयीची दोन लागोपाठ नकोत. तार उतरवलेली गाणी मात्र शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे मध्येच खुंट्या पिळत बसावं लागत नाही. नवं गाणं तिसरं किंवा चौथं गा, तोवर गळा मोकळा झालेला असतो. ते लोकांसमोर उभं राहिलं की तक्त्यात चढवा आणि त्याच्याच लयीचं एखादं जुनं गाणं काही दिवस विश्रांतीला पाठवा.