लेकीकडे किती दिवस राहता येईल? शेंगेनचे ९० दिवस मोजायची माझी रीत

माझा पासपोर्ट ब्रिटिश, लेक ब्रसेल्सला. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर तिच्याकडे जाताना दिवस मोजायची वेळ कधी आली नाही. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, ते वर्ष संपेपर्यंत जुनेच नियम चालले, आणि १ जानेवारी २०२१ पासून आम्हाला नवा नियम लागला: शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस.

यातला ‘कुठल्याही’ हा शब्द दोनदा वाचा. मी वाचला नव्हता. मला वाटायचं, सहा महिने संपले की खातं कोरं होतं. तसं होत नाही.

२०२५ मध्ये लेकीच्या बाळंतपणाला मी १० जानेवारीला गेले आणि २८ फेब्रुवारीला परतले. गेल्याचा दिवस आणि परतीचा दिवस दोन्ही धरायचे, म्हणजे जानेवारीचे २२ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५० दिवस झाले. नातीचं उष्टावण जुलैच्या मध्यावर होतं, म्हणून मी २० मे ते २० जुलै अशी तिकिटं काढून बसले. नशिबाने निघायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेऊन मोजायला बसले.

मोजायचं असं. मुक्कामातला एक दिवस घ्या. तो धरून मागे १८० दिवस जा आणि तेवढ्या काळात तिथे काढलेले सगळे दिवस मोजा. बेरीज ९० पर्यंत असेल तर तो दिवस चालेल. असं प्रत्येक दिवसाचं बघायचं, फक्त पोहोचायच्या दिवसाचं नाही. माझ्या २८ जूनला मागचे ५० आणि नवे ४० मिळून बरोबर ९० भरत होते. २९ जूनला ९१ झाले असते, आणि त्यासाठी दंड किंवा पुढे प्रवेशबंदीही होऊ शकते.

मग पुढे मोजलं. जानेवारीतला पहिला दिवस, १० तारखेचा, ९ जुलैला या १८० दिवसांच्या बाहेर पडतो. त्यानंतर रोज एक जुना दिवस गळतो आणि एक नवा मिळतो. म्हणून मी २८ जूनला परत आले आणि ९ जुलैला पुन्हा गेले. त्या दिवसापासून मला २७ ऑगस्टपर्यंत राहता येत होतं. जादा तिकिटांचा खर्च झाला, पण उष्टावण चुकलं नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर हेच मोजणारं गणकयंत्र आहे. आधी हाताने मोजा, मग त्यावर ताडून बघा.

हे ९० दिवस एकट्या बेल्जियमचे नाहीत, शेंगेनच्या २९ देशांचे मिळून आहेत. पॅरिसला काढलेला शनिवार-रविवारही त्यातच जातो. आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाही, तिथले दिवस धरू नका. ज्यांच्याकडे आयरिश पासपोर्ट आहे त्यांना हा हिशेबच नाही.

पासपोर्टवर संपायची तारीख बघून निर्धास्त होऊ नका. तो दिल्याची तारीख बघा. आत शिरायच्या दिवशी त्याला १० वर्षं झालेली नसावीत, आणि परतीच्या दिवसानंतर तो किमान ३ महिने चालणारा असावा. सप्टेंबर २०१८ च्या आधी मुदतीपूर्वी नूतनीकरण केलेल्या पासपोर्टांना ९ महिन्यांपर्यंत जादा मुदत मिळायची. लोक अडकतात ते तिथेच.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण रांगेसाठी वेळ हातात ठेवा. आता दिवस संगणक मोजतो. तरी जुनी तिकिटं मी जपून ठेवते.

तिथे आजारी पडलं तर सरकारी आरोग्यसेवेत उपचार मिळावेत म्हणून ब्रिटनचं ‘जीएचआयसी’ कार्ड काढा, ते फुकट मिळतं. प्रवासाचा विमा मात्र वेगळा घ्यावा.

आणि सामान. ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. नारळ चालतो, कढीपत्ता चालत नाही. नातीसाठी घरी कढवलेल्या साजूक तुपाची बरणी मी ठेवून गेले. तिथल्या दुकानातून लोणी आणलं, लेकीच्या स्वयंपाकघरात कढवलं आणि उष्टावणाच्या मऊ भातावर तेच तूप वाढलं.